ओव्हरलँड सफरीच्या आदल्या दिवशी नैरोबीत काय पाहावे?

प्रश्न – गंगापूररोडकर

नमस्कार. येत्या ऑगस्टमध्ये आम्ही पती-पत्नी नैरोबीहून निघणाऱ्या ओव्हरलँड सफरीत सहभागी होणार आहोत. मोठ्या ट्रकमधून मसाई मारा, नाकुरू आणि पुढे नामांगाच्या सीमेवरून टांझानियात अरुशा, सेरेंगेटी व न्गोरोंगोरो असा मार्ग आहे. मुक्काम तंबूत असेल आणि स्वयंपाकात सर्वांनी हातभार लावायचा आहे. आम्ही मुंबईहून विमानाने आदल्या रात्री पोहोचतो, त्यामुळे नैरोबीत एक पूर्ण दिवस मोकळा मिळतो. संध्याकाळी सहा वाजता सहभागी प्रवाशांची बैठक आहे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे प्रस्थान. हॉटेल कॅरेन भागात आहे. आम्ही शाकाहारी असून दोघांचीही साठी उलटली आहे. आंतरजालावर हत्तींची पिल्ले, जिराफ, संग्रहालये, बाजार अशी भलीमोठी यादी सापडते, परंतु एका दिवसात त्यातील नेमके काय निवडावे, हे ठरत नाही. जाऊन आलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – द्राक्षबाग, पिंपळगाव बसवंत

आपल्या पुढच्या मार्गावर प्राणी भरपूर दिसणार आहेत. म्हणून पुढे जे सहज दिसणारच आहे त्यावर हा दिवस खर्च करू नये, एवढी एकच कसोटी लावली तर यादी आपोआप आखूड होते.

या कसोटीवर प्रथमदर्शनी नैरोबी राष्ट्रीय उद्यान बाद व्हायला हवे, पण मी ते पहिल्या क्रमांकावर ठेवीन. १९४६ साली स्थापन झालेले, सुमारे ११७ चौरस किलोमीटरचे हे उद्यान शहराच्या मध्यापासून अवघ्या सात किलोमीटरांवर आहे. तिन्ही बाजूंना कुंपण असून दक्षिणेची बाजू मोकळी आहे, जेणेकरून प्राण्यांना पुढच्या माळरानाकडे ये-जा करता यावी. येथे हत्ती नाहीत, मात्र काळा गेंडा दिसण्याची शक्यता मसाई मारापेक्षा अधिक आहे, आणि गवतात उभ्या असलेल्या गेंड्याच्या मागे उंच इमारतींची रांग हे दृश्य आपल्या पुढच्या मार्गावर कोठेही मिळणार नाही. उद्यानातच ती जागा आहे जेथे १९८९ साली राष्ट्राध्यक्ष डॅनियल अराप मोई यांनी जप्त केलेले १२ टन हस्तिदंत जाहीरपणे जाळले; २०१६ साली तेथेच १०५ टन जाळण्यात आले. हस्तिदंताच्या व्यापाराविरुद्ध केनियाने घेतलेली भूमिका समजून घ्यायची असेल, तर राखेचे ते ढीग पाहावेत.

पहाटे सहाच्या सुमारास प्रवेश करावा. प्रवेशशुल्क रोख स्वीकारले जात नाही, ते आधीच ऑनलाइन भरून ठेवावे. ऑगस्टमध्ये नैरोबीत ढगाळ हवा असते आणि पहाटेचे तापमान ११–१२ अंशांपर्यंत उतरते. आफ्रिका म्हणजे उकाडा असे समजून केवळ सुती कपडे घेऊन येणारे पुष्कळ असतात. आपण आपल्याकडच्या डिसेंबरातील स्वेटर न्यावा.

हत्तींच्या अनाथ पिल्लांचे शेल्ड्रिक केंद्र उद्यानाच्या कडेलाच आहे, पण ते लोकांसाठी सकाळी ११ ते १२ एवढाच वेळ खुले असते आणि नोंदणी आधी करावी लागते. जिराफ केंद्र मी सोडून देईन. तेथील रॉथशिल्ड जिराफ दुर्मीळ आहेत हे खरे, परंतु हातातून खाऊ घालून छायाचित्र काढण्यापलीकडे तेथे फारसे काही घडत नाही.

उत्तर – मीटरगेज, नाशिकरोड

वरील कसोटी मला मान्य आहे, मात्र ती प्रामाणिकपणे लावली तर उत्तर रेल्वे संग्रहालय असे येते. मी रेल्वेतून निवृत्त झालो असल्यामुळे माझे मत एकतर्फी आहे, हे आधीच नमूद करतो.

नैरोबी हे शहर रेल्वेमुळे जन्माला आले. मोम्बासाहून १८९६ मध्ये सुरू झालेला युगांडा रेल्वेचा मार्ग १८९९ मध्ये येथवर पोहोचला आणि पुढचा चढ सुरू होण्यापूर्वी सामान व कामगार ठेवण्यासाठी या दलदलीच्या माळावर तळ पडला; त्या तळाचे पुढे राजधानीत रूपांतर झाले. आपल्या इगतपुरीला घाटाने जसे महत्त्व दिले, काहीसे तसेच. हा मार्ग मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेला होता आणि तो बांधण्यासाठी हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, सुमारे ३२,००० मजूर नेण्यात आले. त्यांपैकी जवळपास २,५०० जण मरण पावले. काही हजार तेथेच राहिले आणि त्यांच्यामागोमाग गुजराती व्यापारी आले. या भागात त्या काळी रुपया हेच चलन होते, हे आज ऐकून नवल वाटते.

संग्रहालय मुख्य स्थानकाजवळ आहे. किमा स्थानकावर १९०० साली चार्ल्स रायल हे पोलीस अधिकारी ज्या डब्यात नरभक्षक सिंहाची वाट पाहत बसले होते आणि झोप लागल्यावर ज्यातून सिंहाने त्यांनाच ओढून नेले, तो डबा तेथे ठेवलेला आहे. त्याहून मला मोलाचे वाटते ते ५९ वर्गाचे गॅरेट इंजिन. मीटरगेजवरील सर्वांत मोठी वाफेची इंजिने याच वर्गाची. मागे-पुढे चाकांचे दोन स्वतंत्र संच आणि मध्ये टांगलेला बाष्पक (बॉयलर) अशी रचना असल्याने एवढे लांब इंजिनही घाटातील तीव्र वळणे घेऊ शकत असे.

तेथून गाडीने जीवनजी उद्यान आणि बियाशारा स्ट्रीट पाहावे. ही भारतीयांची जुनी बाजारपेठ. मोबाइल व पिशवी सांभाळावी, सरकारी इमारतींची आणि पोलिसांची छायाचित्रे काढू नयेत, आणि अंधार पडल्यावर त्या भागात पायी फिरू नये.

उत्तर – एक वैद्यक, कॉलेज रोड

स्थळांबद्दल वर पुरेसे आले आहे. पीतज्वराची (यलो फिव्हरची) लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी अधिकृत केंद्रात घ्यावी आणि पिवळे प्रमाणपत्र पारपत्रासोबत ठेवावे. केनियातून टांझानियात शिरताना ते मागितले जाते. भारतात परतताना ते नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. साठीनंतर ही लस देण्यापूर्वी प्रकृतीचा अधिक विचार करावा लागतो, म्हणून आपल्या नेहमीच्या डॉक्टरांशी आताच बोलावे. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्यांचेही त्याच वेळी विचारावे. नैरोबी उंचावर असल्याने तेथे हा धोका कमी असतो, पुढे तो वाढतो.

आणखी एक. केनिया, युगांडा आणि रवांडा यांचा जो एकत्रित पर्यटक व्हिसा आहे, त्यात टांझानिया येत नाही. केनियासाठी ऑनलाइन प्रवास-परवानगी आणि टांझानियासाठी वेगळा व्हिसा, अशा दोन्हींची तजवीज लागेल.

गंगापूररोडकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उद्यान आणि रेल्वे संग्रहालय ही दोन्ही एका दिवसात, आमच्या वयाला झेपतील अशी बसवता येतील का? शिवाय जेवणाचे काय करावे? चिवडा, खाकरे आणि चटण्या सोबत नेणारच आहोत.

द्राक्षबाग

बसतील, मात्र हत्तींची पिल्ले सोडावी लागतील. उद्यानातून दहाच्या सुमारास बाहेर पडून थेट संग्रहालयाकडे निघावे. मीटरगेज काकांनी सुचवलेला बाजार गाडीतूनच पाहावा आणि तीनपर्यंत कॅरेनकडे परतीला लागावे, कारण कचेऱ्या सुटल्यावर नैरोबीची वाहतूक अक्षरशः थांबते आणि बैठक चुकली तर तंबूंची व कामांची वाटणी आपल्यावाचून होईल. गाडी दिवसभरासाठी हॉटेलकडूनच ठरवावी. मटाटू, म्हणजे तेथील रंगीबेरंगी मिनीबस, सामान आणि वय पाहता टाळावी.

जेवणासाठी पार्कलँड्स भागात गुजराती शाकाहारी भोजनालये आहेत, पण तो वळसा पडेल. साध्या उपाहारगृहातही चपाती, सुकुमा विकी ही पालेभाजी आणि मका व घेवड्याची गिथेरी मिळते. गिथेरीत मांस नाही ना, एवढे विचारून घ्यावे. चिवडा मात्र कॅरीबॅगमध्ये बांधू नका. केनियात २०१७ पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर कडक बंदी आहे आणि राष्ट्रीय उद्यानांत २०२० पासून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटल्याही चालत नाहीत. कापडी पिशव्या, डबे आणि स्टीलची बाटली घ्यावी. ट्रकमध्ये त्यांचा उपयोग होतोच.