यादीत कामचाट्का पहिलं आणि कुनार कुठेच नाही

निळाई :
ध्रुवतारा यांनी काल ‘२०२५ : पृथ्वी खवळली’ या नावाने वर्षभरातल्या ७ रिश्टरच्या वरच्या भूकंपांची यादी इथे टाकली. आकडा मोठा तो वर, लहान तो खाली. शेवटी लिहिलं होतं, ‘मोठे भूकंप दरवर्षी वाढतच चाललेत, निसर्ग हिशेब चुकता करतोय.’ खाली सगळ्यांनी हात जोडले. मी ती यादी रात्री दोनदा वाचली. झोप लागेना म्हणून उठून लिहायला बसले.

पहिल्या क्रमांकावर रशियातलं कामचाट्का, ३० जुलै, ८.८. तिथल्या पेत्रोपाव्लोव्स्क शहराच्या रुग्णालयातला तो व्हिडिओ पाहिला असेल. शस्त्रक्रिया चालू आहे, टेबलासकट सगळं हेलकावतंय आणि डॉक्टर-नर्स पेशंटला दोन्ही हातांनी धरून उभे आहेत. छत डोक्यावर टिकलं म्हणून ते उभे राहू शकले. एवढ्या प्रचंड हादऱ्याने थेट कुणी दगावलं नाही.

आता कुनार, अफगाणिस्तान. ३१ ऑगस्ट, रात्री पावणेबारा, ६.०. यादीत नाव नाही, कारण ७ ची चाळणी. तिथे मातीच्या घरांत २,२०० हून जास्त माणसं झोपेत ढिगाऱ्याखाली गेली. कामचाट्काच्या भूकंपात बाहेर पडलेली ऊर्जा कुनारच्या साधारण १६,००० पट होती. ‘मोठा’ नक्की कोणता?

आणि ‘वाढतच चाललेत’ हे कशावरून? अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या नोंदींप्रमाणे १९०० पासूनची सरासरी वर्षाला १६ मोठे भूकंप, म्हणजे ७ च्या पट्ट्यातले १५ आणि ८ च्या वरचा १. २०१० मध्ये २३ झाले, १९८९ मध्ये अवघे ६. हे वर-खाली होणं म्हणजे वाढ नव्हे. मे महिन्यात दक्षिण अमेरिकेच्या टोकाखाली ड्रेक सामुद्रधुनीत ७.४ झाला, फेब्रुवारीत कॅरिबियन समुद्रात ७.६. दोन्हींत एकही बळी नाही. कुणाला ते आठवतही नाहीत, पण यादीत कुनारच्या जागी ते आहेत.

ध्रुवतारा :
मी प्रबंध लिहिला नव्हता, यादी केली होती. उंच शिखरांची यादी करताना कुठल्या शिखरावर किती माणसं मेली हे कुणी विचारतं का? आकड्यांची यादी आकड्यांनीच लागणार. ‘वाढतायत’ हे वाक्य घाईत लिहिलं, तेवढं मागे घेतो.

पण तुमच्या लिहिण्यात ते नेहमीचं पालुपद आहे, भूकंप माणसं मारत नाही, घरं मारतात. हे मला पटत नाही. १९७० च्या भूकंपात पेरूतलं युंगाय गाव हुआस्करान शिखरावरून सुटलेल्या बर्फ-खडकांच्या लोंढ्याखाली गाडलं गेलं. घरं चिरेबंदी असती तरी काय झालं असतं? १९५२ मध्ये याच कामचाट्काजवळ ९.० झाला तेव्हा सेव्हेरो-कुरिल्स्क गाव त्सुनामीच्या लाटेने पुसून नेलं, २,००० च्या वर माणसं गेली. ती भिंतीखाली गेली नव्हती. सगळं खापर घरावर, म्हणजे पर्यायाने घर बांधणाऱ्या गरिबावर फोडणं सोपं आहे.

काटेकोर :
दोघांनाही विनंती, ‘रिश्टर’ म्हणणं थांबवूया. चार्ल्स रिश्टरने ते मापन १९३५ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियापुरतं आणि एका ठरावीक यंत्रासाठी केलं होतं. मोठ्या भूकंपांसाठी १९७९ पासून हँक्स आणि कानामोरी यांचं आघूर्ण मापन आहे, म्हणजे जमिनीतली भेग किती मोठी आणि किती सरकली यावरून काढलेला आकडा. हा शब्दाचा हट्ट नाही. ७ जानेवारीचा तिबेटमधला डिंगरीचा भूकंप बघा. अमेरिकी संस्थेने ७.१ सांगितला, चीनच्या संस्थेने ६.८. तिथे १२६ माणसं गेली. चीनचा आकडा धरला असता तर ध्रुवतारांच्या यादीतून डिंगरी गळलं असतं.

ध्रुवतारा :
हे मला माहीत नव्हतं. बरं.

गवंडीकाम :
‘मातीची घरं’ हा शब्द दिसला की माझं डोकं फिरतं, म्हणून मधे पडतो.

२०१५ च्या भूकंपानंतर नेपाळच्या डोंगरात मी दोन वर्षं घरं उभी करायच्या कामावर होतो. जवळपास ९,००० माणसं गेली होती. पहिल्या आठवड्यात एका म्हाताऱ्याने मला त्याची पडलेली भिंत दाखवली. दगडाची, चांगली दीड हात जाड. मी म्हटलं, एवढी जाड भिंत कशी पडली? त्याने हाताचे दोन तळवे एकमेकांना लावले आणि हळूच उघडले. भिंत दोन पदरी होती. बाहेरून दगड, आतून दगड आणि मधे नुसती खडी-माती. हादरा बसला की दोन्ही पदर फुगतात आणि सुटतात. आरपार जाणारा लांब दगड दर दोन हातांवर घातला असता आणि खिडकीच्या वर-खाली लाकडाचा आडवा पट्टा सगळ्या घराभोवती फिरवला असता, तर तीच माती, तेच दगड उभे राहिले असते.

काश्मीरमध्ये धज्जी दिवारी म्हणून जुनी पद्धत आहे. लाकडाच्या चौकटी आणि त्यांत दगड-मातीची भर. ऑक्टोबर २००५ च्या भूकंपात आजूबाजूची काँक्रीटची घरं बसली, पण या भिंतींना नुसत्या चिरा पडल्या. पुढे पाकिस्तानात पुनर्बांधणीत सरकारने ती पद्धत मान्य केली. म्हणून सांगतो, माती गुन्हेगार नाही. कुनारच्या घरांत डोक्यावर मातीचं जड छप्पर आणि भिंतींना बांधून ठेवणारं काहीच नाही, मार तिथे बसला. ध्रुवतारा, गरिबावर खापर फोडू नका हे तुमचं बरोबर आहे. पण म्हणून ‘घराचा प्रश्नच नाही’ म्हणालात तर त्या गरिबाला तुम्ही तसंच मरायला सोडताय.

रानवारा :
बांधकामाच्या गप्पा ठीक आहेत, पण २८ मार्चच्या म्यानमारचं काय? ७.७, सगाईंग प्रस्तरभंग, म्हणजे जमिनीतली लांबलचक भेग. इरावतीवरचा १९३४ चा आवा पूल कोसळला. रमझानचा शेवटचा शुक्रवार, माणसं मशिदीत नमाजाला होती आणि मशिदी अंगावर आल्या. साडेतीन हजारांहून जास्त बळी. पण भूकंपानंतरही लष्कराचे हवाई हल्ले थांबले नाहीत. मंडालेत लोक हातांनी विटा उपसत होते. त्या ढिगाऱ्याखाली दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे गेले त्यांना भूकंपाने मारलं की युद्धाने? याचं उत्तर पट्टे आणि लांब दगड देत नाहीत.

गवंडीकाम :
देत नाहीत. मान्य.

पायरव :
सगळे नंतरची चिकित्सा करताय. आधी सांगणारे होते त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. जपानमधल्या एका मांगात, म्हणजे चित्रकथेच्या पुस्तकात, ५ जुलै २०२५ ला महासंकट येईल असं छापलं होतं. जूनच्या अखेरीपासून जपानच्या दक्षिणेकडच्या तोकारा बेटांवर हजाराहून जास्त धक्के बसले. आणि ३० जुलैला कामचाट्का, अख्ख्या प्रशांत महासागराला त्सुनामीचा इशारा! २५ दिवसांचा फरक. विज्ञानाने तर एक दिवसही आधी सांगितलं नाही.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आमची मांजर एका रात्री काही केल्या घरात येईना. दारापर्यंत यायची आणि अंग चोरून मागे फिरायची. पहाटे धक्का बसला, कपाटातल्या काचा किणकिणल्या. तेव्हापासून मला कुणी ‘योगायोग’ सांगू नये.

सांजवात :
पायरव, मी जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर राहते, म्हणून हे मला वाचवत नाही.

त्या भाकितात जपान आणि फिलिपिन्सच्या मधला समुद्रतळ फाटणार होता. कामचाट्का त्याच्या उलट दिशेला, उत्तरेला. तारीख चुकली, जागा चुकली, तरी तुम्ही बरोबरचं चिन्ह देताय. त्या एका तारखेपायी हाँगकाँगहून येणारी विमानं कमी झाली. माझी मैत्रीण छोटं अतिथीगृह चालवते, तिचा जुलै कोरडा गेला. हवामान संस्थेच्या प्रमुखांना जाहीरपणे सांगावं लागलं की यात काही तथ्य नाही.

आणि ३० जुलै मी जगले आहे. सकाळी फोन कर्कश वाजला, पाठोपाठ गावातल्या भोंग्यांवर ‘उंचावर जा’. तीन मीटरची लाट येऊ शकते असा इशारा होता. कामावरून तशीच टेकडीवरच्या शाळेत गेले. दुपारभर उन्हात बसलो. शेजारी एक आजी होत्या, त्यांनी २०११ च्या त्सुनामीत नवरा गमावला होता. त्या एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त समुद्राकडे पाठ करून बसल्या. शेवटी आमच्याच किनाऱ्यावरच्या कुजी बंदरात १.३ मीटरची लाट मोजली गेली. ती एवढीशीच आली म्हणून आम्ही सगळे रडलो. तुमच्या २५ दिवसांच्या हिशेबात ती दुपार बसवू नका.

पायरव :
मी कुणाची चेष्टा केली नाही. तुम्ही लोक शिकलेले म्हणून समोरच्याला वेड्यात काढता. हाइचेंग विसरलात का? ४ फेब्रुवारी १९७५, चीन. भूकंपाच्या आधी लोकांना घरांबाहेर काढलं आणि हजारो वाचले. म्हणजे सांगता येतं.

निळाई :
हाइचेंगला आधी लहान धक्क्यांची रांग लागली होती, म्हणून लोक बाहेर पडले. दीड वर्षात, २८ जुलै १९७६ ला, त्याच देशात तांगशान झालं. कसली रांग नाही, कसला इशारा नाही. सरकारी आकडा २,४२,००० मृत. ज्यांनी हाइचेंग सांगितलं त्यांना तांगशान सांगता आलं नाही.

कॅलिफोर्नियातल्या पार्कफील्डला तर शास्त्रज्ञांनी उपकरणं लावून १९९३ पर्यंतची मुदत दिली होती. भूकंप आला २००४ मध्ये. आणि २०२५ चंच घ्या. २० जुलैला कामचाट्काजवळ ७.४ झाला. तो पुढच्या ८.८ ची नांदी होता हे कधी कळलं? ८.८ होऊन गेल्यावर. ७.४ नंतर बहुतेक वेळा त्याहून मोठा काही येत नाही. दर वेळी किनारे रिकामे करायला लावले तर तिसऱ्या वेळी कोण हलेल?

सांजवातला मिळाला तो भाकीत नव्हता, इशारा होता. भूकंप झाल्यावर लाट पोचायला वेळ लागतो, तेवढा वेळ वापरला. तुमच्या मांजरीबद्दल मी काही बोलणार नाही. तुम्ही पाहिलंत ते पाहिलंत. पण ती ज्या रात्री बाहेर राहिली आणि काहीच झालं नाही, त्या रात्री तुम्ही मोजल्या होत्या का?

पायरव :
नाही मोजल्या. तारखेचं मागे घेतो, कारण सांजवातताईंनी सांगितलेलं वाचून पुढे बोलवत नाही. मांजरीचं मागे घेणार नाही.

एकलकोंडा :
मी कधी लिहीत नाही, पण कालपासून सगळं वाचतोय.

२८ मार्चला मी बँकॉकमध्ये होतो, बाविसाव्या मजल्यावर. दुपारी दीडच्या आधीची वेळ. आधी वाटलं मलाच चक्कर आली. मग खिडकीच्या पट्ट्या काचेवर आपटायला लागल्या, टक टक टक, संथ लयीत. ती लय मला अजून ऐकू येते. जोराचा झटका नव्हताच, बोटीसारखं डोलणं होतं. जिन्यात भिंतींच्या सांध्यांतून प्लास्टरचा भुगा पडत होता आणि पुढच्या माणसाच्या केसांवर बसत होता. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरच्या तरणतलावातलं पाणी धबधब्यासारखं खाली येताना पाहिलं. खाली आल्यावर कळलं, सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाची बांधत असलेली तीसमजली इमारत अख्खी बसली. केंद्र १,००० किलोमीटरवर! तिथले कामगार आमच्या इमारतीखालच्या टपरीवर रोज जेवायला यायचे.

मला विचारायचं होतं, एवढ्या लांबून कसं?

निळाई :
बँकॉकखाली मऊ चिकणमातीचा खोल थर आहे. लांबच्या भूकंपाच्या संथ लाटा त्यात वाढतात आणि उंच इमारतींची डोलण्याची लय नेमकी तीच असते. मेक्सिको सिटीचं १९८५ ला हेच झालं, तिथे तर जुन्या तळ्याच्या गाळावर शहर आहे आणि केंद्र साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे. पण बँकॉकमध्ये बाकीचे शेकडो मनोरे उभे राहिले. पडला तो एक.

गवंडीकाम :
हेच तर सांगतोय. माती सगळ्यांच्या खाली तीच होती.

ध्रुवतारा :
यादी बदलतोय. ७ ची चाळणी काढली. दोन रकाने केले, एक आकड्याचा, एक माणसांचा. कुनार घातलं, फिलिपिन्समधलं ३० सप्टेंबरचं सेबूही घातलं, ६.९ आणि ७० हून जास्त बळी. शीर्षकातलं ‘खवळली’ काढलं. युंगायबद्दलचं माझं म्हणणं मात्र कायम आहे, डोंगर कोसळतो तेव्हा पट्टा बांधलेलं घरही वाचत नाही.

निळाई :
युंगायचं मान्य. मी घरावर जरा जास्तच जोर दिला. कुनारमध्येसुद्धा दरडींनी रस्ते अडवले म्हणून मदत हेलिकॉप्टरने न्यावी लागली. आणि तिथे बायकांना तपासायला पुरेशा बाई-डॉक्टर नव्हत्या. त्याला कुठला रकाना करणार, मलाही सुचत नाही.

एकलकोंडा :
गवंडीकाम, आता मी दुसऱ्या शहरात आठव्या मजल्यावर राहतो. खाली गाड्यांसाठी नुसते खांब, भिंती नाहीत. काय बघू?

गवंडीकाम :
नेमकी तीच जागा आधी बघायची. वरचे मजले भिंतींमुळे ताठ आणि तळमजला मोकळा, म्हणजे सगळं वाकणं त्या खांबांच्याच नशिबी. खांबाचा तळ आणि बीमला मिळतो तो वरचा सांधा बघा. तिरपी चीर आहे का, सळई गंजून काँक्रीट फुगलंय का, नळ न्यायला कुणी खांब फोडलाय का. माझ्या एका जुन्या घराखाली गाडी वळवायला अडतो म्हणून खांबाचा कोपराच तासला होता, आत उभ्या सळयांना कवटाळणाऱ्या रिंगा उघड्या पडल्या होत्या. त्या रिंगांची टोकं खांबाच्या आत वळवलेली असायला हवी होती, ती काटकोनात नुसती टेकवलेली होती. हादऱ्यात अशी रिंग पहिल्यांदा उघडते आणि मग सळया बाहेर वाकतात. इमारतीचा मूळ नकाशा मागून घ्या, द्यायला टाळाटाळ झाली तरी सोडू नका. आणि उद्या उजेडात फोटो काढून इथे टाका, प्रत्येक खांबाच्या चारही बाजू दिसू देत.