बेलापूर किल्ल्याच्या बुरुजापर्यंतची वाट कशी असावी?

सेक्टरवासी (प्रश्न):
नवी मुंबईत पनवेल खाडीच्या मुखाशी असलेला बेलापूरचा किल्ला मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून जिंकला आणि १८१७ मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला. आज त्याचा एक बुरुज आणि तटाचे तुटक अवशेष तेवढे उरले आहेत. (किल्ला जिंकल्यास देवाला बेलाची माळ वाहीन, या चिमाजी आप्पांच्या नवसाची आख्यायिका सांगताना पाहुण्यांपेक्षा आम्हांलाच अधिक उत्साह येतो, हे मान्य करतो.) येथे लोकांना कसे येऊ द्यावे, याविषयी आमच्या नोडमधील (नवी मुंबईच्या या उपनगरातील) काही रहिवासी सूचनापत्र तयार करीत आहेत. काहींना बुरुजाला वळसा घालून खाडीकाठाने जाणारी फरसबंद वाट आणि रात्रीची रोषणाई हवी आहे, तर काहींच्या मते कुंपण घालून दुरूनच दर्शन घडवावे. मला दोन्ही पटत नाहीत. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

चुन्याची घाणी:
मी ठाण्यात राहतो आणि जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीचे काम करतो. वाट ही वास्तूची दुरुस्ती नसली, तरी वास्तूचे नुकसान पुष्कळदा वाटेपासूनच सुरू होते. तटाच्या पायाशी काँक्रीटची फरशी टाकली की जमिनीतील ओल वर यायला दुसरी जागा उरत नाही, ती भिंतीत चढते आणि खाडीकाठच्या हवेतील व मातीतील क्षार सांध्यांत स्फटिक होऊन चुना आतून फोडतात. कोकणातील एका गढीत सिमेंटने भरलेल्या सांध्याच्या वर-खाली असलेला जांभा नख लावताच भुग्यासारखा झडताना मी पाहिला आहे. सिमेंट मात्र जसेच्या तसे होते. म्हणून वाट तटापासून अंतर राखून, चुन्यात बसवलेल्या मुरुमाची किंवा सुट्या दगडांची असावी आणि उद्या उचलून नेली तर मागे खूण राहू नये.

खाडीकाठच्या वळशाचा विचार तर सोडूनच द्यावा. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निर्णयानुसार कांदळवनाभोवतीच्या (खारफुटीच्या झाडीभोवतीच्या) ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकाम करता येत नाही, आणि कायदा बाजूला ठेवला तरी भराव पडल्यावर तिवरांची, म्हणजे त्या खारफुटीच्या झाडांची, चिखलातून वर येणारी श्वसनमुळे गुदमरतात, ती झाडे मरतात आणि काठाची माती धरून ठेवणारे कोणी उरत नाही. खांबांवर उचललेली लाकडी वाट ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात पाहायला मिळते, परंतु ती तेथे कांदळवन दाखवण्यासाठीच आहे. येथे बुरूज पाहण्यासाठी कांदळवनात शिरण्याचे कारण नाही.

दिवाळ्याची सून:
वरील मत योग्य आहे, परंतु काठ रिकामा आहे असे कोणी समजू नये. आमच्या दिवाळे गावातील घरच्या बायका ओहोटीला चिखलात उतरून चिंबोऱ्या (खेकडे) आणि निवट्या (चिखलातले मासे) धरतात, आणि होड्यांची ये-जा भरतीवर चालते. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. तिथीची पाऊणपट केली की ती वेळ निघते, असा आमच्याकडचा जुना हिशेब आहे. म्हणजे अष्टमीला, आठाची पाऊणपट, सहाच्या सुमारास पूर्ण भरती येते. दर रविवारी दहा ते बारा अशी सहल ठरवणाऱ्यांना हे ठाऊक नसते. मग कधी आमच्या उतरण्याच्या जागी तीस माणसे मोबाइल उंचावून उभी असतात आणि टोपलीत काय आहे ते विचारतात. विचारण्याला हरकत नाही, वाट अडवण्याला आहे. रोषणाईविषयी एवढेच म्हणते, की रात्री पाण्यावर पडलेला झोत होडीवाल्याच्या डोळ्यांत जातो.

नेरुळची चाकाची खुर्ची:
'संवेदनशील' या शब्दाचा अर्थ पुष्कळदा असा निघतो, की मी खाली माहितीफलकापाशी थांबावे आणि बाकीच्यांनी वर जाऊन यावे. सुटे दगड म्हणजे माझ्यासाठी बंद दरवाजाच. त्याचाही विचार व्हावा.

चुन्याची घाणी:
आपला आक्षेप रास्त आहे, मी घाईने लिहिले. सुट्या दगडांचा पर्याय मागे घेतो. दाबून घट्ट केलेला चुना-मुरूम चाकांना चालतो, मात्र पावसाळ्यानंतर दरवर्षी त्याची डागडुजी करावी लागेल. उताराचे प्रमाण १:१२ धरले तर ३ मीटर चढायला ३६ मीटर लांबीचा उतार लागतो, विश्रांतीचे टप्पे वेगळे. एवढा उतार बुरुजाला टेकवून बांधला तर बुरूज दिसायचाच नाही. त्यापेक्षा सर्वांसाठीच जमिनीकडून येणारी एकच वाट ठेवावी आणि ती जेथून बुरूज व खाडी दोन्ही दिसतात अशा सपाट जागी थांबवावी. बुरुजावर कोणीच चढू नये, धडधाकट माणसानेही नाही.

सेक्टरवासी:
शेवटची सूचना आमच्या तरुण मंडळींना रुचणार नाही, पण मी ती पत्रात घालतो. रोषणाईचे कलम काढून टाकतो. अशी सपाट जागा प्रत्यक्ष कोठे मिळते, ते टेप लावून पाहायला हवे. येत्या अष्टमीला सकाळी सहाची भरती धरली, तर बाराच्या सुमारास ओहोटी असेल आणि काठ नीट दिसेल. दिवाळ्याच्या ताईंना ती वेळ चिखलातील कामाच्या आड येणारी वाटत असेल, तर त्यांनी दुसरी सुचवावी. नेरुळकरांनी आपल्या खुर्चीची रुंदी कळवावी, म्हणजे वळणे त्याच मापाने आखता येतील.