मदत हवी आहे : अमेरिकन व्हॅन गरम झाली का बंद पडते, मग चालूच होत नाही

दिग्रसवाला | शनिवार, रात्री ९.४०
राजेहो, अर्जंट आहे. सकाळी गाडी एका सेल्फात चालू होते. दारव्हा रोडले लागलो का अर्ध्या-पाऊण तासात झटके देते आन् बंद. सेल्फ मस्त फिरते, पण इंजिन पकडत नाही. अर्धा तास निंबाच्या सावलीत उभी केली का पुन्हा चालू. मिस्त्रीनं प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, बॅटरी नवीन टाकली. पुढच्या रविवारी घरचं लग्न आहे, आठ माणसं याच गाडीत न्यायची आहेत. काय बदलू तेवढं सांगा.

पाना_दहा_बारा | रात्री १०.०५
भाऊ, एवढ्यावरून काय सांगणार? कोणती व्हॅन, कोणतं साल, पेट्रोल का डिझेल, गॅस किट आहे का? चेक इंजिनचा दिवा लागते का? बंद पडल्यावर प्लगला करंट येते का?

दिग्रसवाला | रात्री १०.१२
शेवरले आहे, पेट्रोल. गॅस नाही. दिवा लागते, पण मिस्त्रीचा स्कॅनर या गाडीले लागतच नाही. करंट नाही पाहिला.

सातपुडा_रोड | रात्री १०.३०
शेवरलेमध्ये टवेरापण यायची. मॉडेल सांगा ना.

कपाशी_बारामाही | रात्री १०.४१
एवढा जीव कायले जाळता? विका आन् इनोव्हा घ्या. तालुक्याले पार्ट भेटते.

दिग्रसवाला | रात्री १०.४८
इनोव्हाचं नाही विचारलं भाऊ. ऍस्ट्रो, १९९८, ४.३ व्ही६, ऑटो गिअर, आठ सीट, डाव्या हाताचं स्टेअरिंग. आता सांगा.

पाना_दहा_बारा | रात्री ११.२०
आता बोलता येते. हे ४.३ व्हॉर्टेक इंजिन. अर्धं बोनटखाली आणि अर्धं तुमच्या दोन पुढच्या सीटच्या मध्ये, त्या प्लास्टिकच्या मोठ्या झाकणाखाली. ते झाकण आतून काढल्याशिवाय डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना करंट वाटणारा भाग, दिसत नाही.

उद्या मुद्दाम गरम होऊ द्या. बंद पडली की थंड व्हायच्या आत तीन गोष्टी करा. थंड झाल्यावर केलेल्या तपासणीला काही अर्थ नाही, तेव्हा सगळंच ठीक दिसते.

आधी टाकीच्या झाकणाशी एकानं कान लावायचा, दुसऱ्यानं फक्त चावी ऑन करायची, सेल्फ नाही मारायचा. पंप दोन सेकंद घूं करून थांबला पाहिजे. मग एका प्लगची वायर काढून टेस्टर लावून सेल्फ मारा, करंट पाहा. टेस्टर नसेल तर जुना प्लग वायरला लावून इंजिनच्या लोखंडावर टेकवा, पण पेट्रोलच्या पाईपपासून दूर. शेवटी हवेचा पाईप काढून थ्रॉटलमध्ये कार्ब क्लीनर दोन सेकंद फवारा, जास्त नाही. पाईप परत लावा आणि सेल्फ मारा. गाडी पकडून दोन-तीन सेकंदांत मेली तर पेट्रोल पोचत नाही. फवारूनही काहीच नाही तर करंटकडे पाहायचं.

वायरमन_आर्वी | रात्री ११.३४
यात फवारायचं काय आहे. गरम झाल्यावर बंद आणि थंड झाल्यावर चालू, म्हणजे क्रँक सेन्सर, इंजिन फिरते का ते कॉम्प्युटरला सांगणारा. सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम शून्य दिसला की सेन्सर बदलायचा. तो पुढे खाली टायमिंग कव्हरवर बसते. नाहीतर डिस्ट्रिब्युटर कॅप. या इंजिनाच्या डिस्ट्रिब्युटरची बॉडी प्लास्टिकची आहे, स्क्रूची भोकं फुटतात आणि कॅप सैल बसते. पावसाळ्यात तर मिसिंग हमखास.

पाना_दहा_बारा | रात्री ११.४५
सेन्सर असू शकते, नाही म्हणत नाही. पण तो गेला तर सहसा झटके देत नाही, चावी काढल्यासारखी एकदम बंद पडते. इथे आधी झटके आहेत. तपासल्याशिवाय बदलू नका, हा पार्ट इथे चार दिवसांत येत नाही.

स्कॅनरबद्दल : त्या काळातल्या जीएम (शेवरलेची कंपनी) गाड्या जे१८५० व्हीपीडब्ल्यू प्रोटोकॉलवर, म्हणजे वेगळ्याच भाषेत, बोलतात. सॉकेटच्या २ नंबर पिनवर वायर असते. आपल्याकडचे बरेच स्कॅनर ती पिन वापरतच नाहीत. साधा ईएलएम३२७ ब्लूटूथवाला, फोनला जोडायचा छोटा स्कॅनर घ्या. अगदी स्वस्त नक्कल घेऊ नका, तिच्यात बऱ्याचदा हाच प्रोटोकॉल गाळलेला असते.

पुलगावची_ताई | रविवार, सकाळी ७.५०
आठ माणसं म्हणजे लेकरंपण असतील. या गाडीला सरकता दरवाजा एकच आणि तोही उजवीकडे. अमेरिकेत ती फुटपाथची बाजू, आपल्याकडे ट्रकची. लग्नात हॉलसमोर रस्त्यावरच थांबवली तर लेकरं सरळ रहदारीत उतरतील. चाइल्ड लॉक लावून ठेवा, गाडी आवारात घ्या, नाहीतर सामान कमी ठेवून मागच्या दारानं उतरवा.

सातपुडा_रोड | रविवार, सकाळी ८.१५
ताई, मागच्या दारानं म्हाताऱ्या माणसाला कसं उतरवणार, पायरी उंच आहे. त्यापेक्षा रस्त्याच्या उजव्या कडेला, डांबराखाली पूर्ण उतरवून थांबवा.

पुलगावची_ताई | रविवार, सकाळी ८.३०
उजव्या कडेला थांबवायची तर समोरून येणाऱ्याच्या आडवं जाऊन, आणि निघताना पुन्हा आडवं. दोन धोके. आवारात घ्यावी हेच बरं.

दिग्रसवाला | रविवार, दुपारी २.२०
केलं सगळं. ४४ डिग्रीत दारव्ह्याच्या अलीकडे बंद पडली. पंपाचा आवाज येते. करंट निळा, चांगला. फवारलं तं तीन सेकंद चालली आन् मेली. पंप तं चालू आहे मंग पेट्रोल काहून नाही पोचत?

इंजिनखोली | रविवार, दुपारी २.४५
स्पायडर गेला. इनटेकच्या वरच्या प्लास्टिकच्या डब्यात इंजेक्टरचा एक जुडगा आहे, त्यातून सहा नळ्या सहा सिलिंडरला जातात, टोकाला पॉपेट व्हॉल्व्ह, म्हणजे पेट्रोलच्या दाबानं उघडणारे छोटे व्हॉल्व्ह. ते चिकटतात. नव्या पद्धतीचा स्पायडर येते, त्यात इंजेक्टर नळीच्या टोकालाच असतात. तोच टाका, कटकट कायमची मिटते.

पाना_दहा_बारा | रविवार, दुपारी ३.०५
सहाही पॉपेट एकाच वेळी गरम होऊन चिकटतात आणि अर्ध्या तासात एकाच वेळी सुटतात, असं होत नाही. एक-दोन चिकटले तर गाडी सहाऐवजी चार-पाचवर थरथरत चालते, बंद पडत नाही.

दिग्रसवाला भाऊ, आवाज म्हणजे दाब नव्हे. पंप कधी बदलला होता का?

दिग्रसवाला | रविवार, दुपारी ३.११
हाव, मागच्या दिवाळीत. देशी छोट्या गाडीचा बसवला, मापात बरोबर बसला. सहा महिने चालली की मस्त.

पाना_दहा_बारा | रविवार, दुपारी ३.४०
हेच काल पहिल्या ओळीत पाहिजे होतं.

आपल्या छोट्या इंजेक्शन गाड्यांची सिस्टीम साधारण ३ बारवर चालते, म्हणजे ४३-४४ पीएसआय (दोन्ही दाबाची मापं). या व्हॉर्टेकला चावी ऑन केल्यावर ६० ते ६६ पीएसआय लागते, ४.१ ते ४.५ बार. पॉपेट व्हॉल्व्ह स्प्रिंगचे असतात, ठरावीक दाबाखाली उघडतच नाहीत. तुमचा पंप थंडीत आणि नवा होता तोवर जोर लावून कसाबसा तिथवर पोचला. आता झिजला, वरून उन्हाळा.

उन्हाळ्यात काहून, तेही पाहा. या गाडीला रिटर्न लाइन आहे. इंजिनपाशी जाऊन तापलेलं उरलेलं पेट्रोल परत टाकीत येते. टाकी पाव भरलेली असेल तर तेवढंच पेट्रोल फिरून फिरून तापते, पंप त्यातच बुडून थंड राहणार असते. गरम पेट्रोलचे पंपाच्या तोंडाशी बुडबुडे होतात आणि दाब पडते. सावलीत थांबलं की बुडबुडे जिरतात, गाडी चालू.

अंदाजावर पार्ट मागवू नका. ० ते १०० पीएसआयचं गेज आणा. इंजिनच्या मागच्या बाजूला फ्युएल लाइनवर टायरच्या व्हॉल्व्हसारखंच पण जरा जाड तोंड आहे, तिथे लावा. खाली कपडा धरा, पेट्रोल उडते. गाडी थंड असताना एकदा, बंद पडल्यावर एकदा. चावी बंद केल्यावर १० मिनिटं पाहा, ५ पीएसआयपेक्षा जास्त उतरलं तर गळती आहे, आणि मग इंजिनखोली भाऊंचं बरोबर, कारण रेग्युलेटर, म्हणजे दाब धरून ठेवणारा भाग, त्या स्पायडरवरच बसते.

कपाशी_बारामाही | रविवार, सायंकाळी ५.००
सगळं इ२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलमुळं आहे. बाटलीत पाणी घालून हलवा, इथेनॉल खाली बसते, वरचं पेट्रोल गाडीत टाका.

वायरमन_आर्वी | रविवार, सायंकाळी ५.१८
हे कोणी करू नका. इथेनॉल गेलं की ऑक्टेनपण खाली येते, कारण ते धरूनच पेट्रोल बनवलेलं असते. घरात दहा-वीस लिटर पेट्रोल उघड्या डब्यांत ओतत बसणं म्हणजे आगीला आवतण. ॲडिटिव्हच्या बाटलीनंही इथेनॉल निघत नाही.

इ२० चा परिणाम आहे, पण वेगळा. ही गाडी १० टक्के इथेनॉलपर्यंतच्या हिशेबानं बनली. २० टक्क्यांना तेवढ्याच हवेसाठी ४-५ टक्के इंधन जास्त द्यावं लागते. कॉम्प्युटर ते भरून काढते, पण पंपच कमी पडत असेल तर भरणार कुठून? दिव्याचा कोड पी०१७१, पी०१७४ (इंधन कमी पडते) निघाला तर हेच. जुने रबरी पाईप मात्र इथेनॉलनं फुगतात, टाकी खाली येईल तेव्हा सगळे बदलून टाका. पाईपवर इंजेक्शनचा असं लिहिलेला घ्या. कार्ब्युरेटरच्या गाडीचा पाईप ६० पीएसआयला फुटू शकते.

बुलडाण्याचा_चालक | रविवार, रात्री ८.०५
धागा चांगला चालला आहे म्हणून विचारतो. माझा भाऊ न्यूजर्सीत आहे, त्याच्याकडून अशी व्हॅन आणता येईल का? खर्च किती?

सातपुडा_रोड | रविवार, रात्री ८.२०
विसरा. वापरलेली गाडी ३ वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, स्टेअरिंग उजवीकडेच पाहिजे आणि फक्त मुंबई बंदरातून येते. अमेरिकेतली डाव्या स्टेअरिंगची गाडी तिथेच अडते. ड्युटी गाडीच्या किमतीहून जास्त. आणि पुढचं ऐका : १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करताना इंपोर्टेड चारचाकीला २०२२ पासून ४०,००० रुपये फी आहे, ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्यांना ८०,०००. साध्या कारला हीच फी ५,००० आणि १०,०००. धागाकर्त्यानं आपल्या आरसीची तारीख पाहून ठेवावी. जिल्ह्याबाहेर वरात न्यायची तर मुदत संपलेली नको.

इंजिनखोली | रविवार, रात्री ८.५०
त्यापेक्षा बोलेरोचं डिझेल इंजिन टाका, प्रश्नच संपला.

पाना_दहा_बारा | रविवार, रात्री ९.०२
इंजिन आणि इंधन बदलायचं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची परवानगी आधी लागते. शिवाय हा ऑटो गिअरबॉक्स गाडीच्या कॉम्प्युटरवर चालते, नुसतं इंजिन बदलून तो चालणार नाही. रविवारच्या लग्नाला हा उपाय नाही. बोलेरोचं एकच कामाला येते : टायर. २१५/७५ आर१५, तोच साइज, तालुक्याला मिळते. चाक मात्र बसत नाही, याचं ५ बोल्टचं १२७ मिमी आणि तिचं १३९.७.

दिग्रसवाला | मंगळवार, दुपारी १.३०
नागपूरहून गेज आणलं. थंड असताना ४८. बंद पडल्यावर ३६. दहा मिनिटांत २ पीएसआय उतरलं. म्हणजे पंपच ना? मिस्त्री म्हणते टाकी उतरवायची गरज नाही, मधल्या सीटखाली पत्रा कापून वरूनच काढू.

पाना_दहा_बारा | मंगळवार, दुपारी १.५५
पंपच. गळती नाही, स्पायडरला हात लावू नका.

पत्रा कापू देऊ नका. ग्राइंडरची ठिणगी आणि खाली पेट्रोलची वाफ. टाकी रिकामी केली तरी वाफ राहते, रिकामी टाकी तर जास्त वाईट. वर ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या लाइनी कुठून गेल्या ते मिस्त्रीला दिसत नाही.

इंजिनखोली | मंगळवार, दुपारी २.१०
बरेच लोक कापतात. कात्रीनं कापा, ठिणगी नाही.

पाना_दहा_बारा | मंगळवार, दुपारी २.४०
कापलेल्या जागी मग झाकण किती घट्ट बसणार? आत आठ माणसं एसी लावून बसणार, पेट्रोलचा वास आत. घरच्या गाडीला हे नको.

टाकी दोन पट्ट्यांवर टांगलेली असते. आधी पेट्रोल काढा. १०० लिटर म्हणजे ७४ किलो, भरलेली टाकी पोरांच्या छातीवर येईल. बॅटरीची मायनस काढा. जॅकवर पाटी ठेवून टाकी थोडी खाली घ्या, मग वरचा प्लग आणि दोन लाइनी सोडवा. येणारी ३/८ इंची, रिटर्न ५/१६. यांचे क्लिप प्लास्टिकचे, त्याच मापाचं सोडवायचं टूल घ्या. स्क्रूड्रायव्हरनं उचकटलं की क्लिप तुटते आणि मग अख्खी लाइन शोधत बसा.

मूळ मापाचा पंप मुंबई-दिल्लीहून कुरिअरनं येईल. तो नसेल तर वॉलब्रोचा २५५ लिटरवाला हाय प्रेशर पंप रॅलीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळते, दाब आरामात देते. पंपाची जाळी नवीन टाकाच. टाकीच्या तोंडाचा रबरी रिंगही नवीन. जुना पुन्हा वापरू नका. बसवल्यावर पंपाच्या प्लगवर इंजिन चालू असताना व्होल्टेज मोजा, १३ च्या वर पाहिजे. ११-१२ आलं तर अर्थची वायर चेसिसला जिथे लागते तिथला गंज खरडा, नाहीतर नवा पंपही तसाच मरेल.

दिग्रसवाला | शुक्रवार, दुपारी १२.१०
पंप काल आला, आज सकाळी बसवला. व्होल्टेज १३.४. चावी ऑन केली तं ६३. पण चालू केल्यावर ५६ वर उतरलं. हाही गेला का?

पाना_दहा_बारा | शुक्रवार, दुपारी १२.१६
नाही, बरोबर आहे. रेग्युलेटर इनटेकच्या आत आहे, आयडलला (ॲक्सिलेटर न दाबता) तिथली हवा ओढलेली असते म्हणून दाब ३ ते १० पीएसआय कमीच दिसते. ॲक्सिलेटर एकदम दाबा, क्षणभर ६० च्या आसपास उडी मारेल.

दिग्रसवाला | शुक्रवार, सायंकाळी ५.५०
उडी मारली. दोन वाजता निघून यवतमाळ गाठलं आन् परत आलो, एसी चालू ठेवून, सात माणसं बसवून. एकदाही झटका नाही. घरी आल्याबरोबर मोजलं तं ५५ आयडलला. ताई, हॉलवाल्याशी बोललो, गाडी आवारात घेऊ देते.

पाना_दहा_बारा | शुक्रवार, सायंकाळी ६.०५
बेस. आता शनिवारी रात्रीच टाकी काठोकाठ भरा, रविवारी सकाळी नाही. वरचा रबरी रिंग नीट बसला नसेल तर अर्ध्या टाकीत कळत नाही, भरल्यावरच गळते. रात्रभर उघड्यावर उभी करा, घराच्या भिंतीला लागून नको. सकाळी खाली वाकून वास घ्या, मग माणसं बसवा. पट्ट्यांचे बोल्टही एकदा पुन्हा आवळून घ्या, भरलेल्या टाकीच्या वजनानं पहिल्या फेरीनंतर थोडे सैल होतात.