११ वर्षांच्या गाडीला मोठे काम निघाले आहे: दुरुस्त करून वापरावी की एक्स्चेंजमध्ये देऊन दुसरी घ्यावी?

सावली (प्रश्न)

आमच्याकडे मॅन्युअल गिअरची पेट्रोल हॅचबॅक आहे. नवी घेतल्याला ११ वर्षे झाली असून ती आजवर १,३८,००० किलोमीटर चालली आहे. गेल्या महिन्यापासून चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढतो, आरपीएमचा काटा झरकन वर जातो, पण गाडी मात्र त्या प्रमाणात वेग घेत नाही. गॅरेजमध्ये दाखवल्यावर क्लच प्लेट संपल्याचे कळले. त्याच वेळी पुढच्या चाकाला धरणाऱ्या लोअर आर्मचे बुश (सांध्यातले रबर) फाटल्याचे आणि टायमिंग बेल्ट (इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणारा पट्टा) बदलण्याची मुदत उलटून गेल्याचेही मेकॅनिकने सांगितले. या सगळ्या कामाच्या खर्चाचा जो अंदाज मिळाला आहे, तो एका शोरूमने एक्स्चेंजमध्ये आमच्या गाडीची जी किंमत सांगितली तिच्या जवळपास एक तृतीयांश आहे.

घरात दोन मते आहेत. एवढ्या जुन्या गाडीत इतके पैसे घालणे म्हणजे ते बुडवणे आहे, त्यापेक्षा ती आताच द्यावी, असे माझ्या यजमानांना वाटते. मला हे पटतही आहे आणि पटत नाहीही, कारण या गाडीने आम्हाला रस्त्यात एकदाही अडवलेले नाही, तिच्यावर कर्ज नाही आणि नवीन गाडी घ्यायची तर ५ वर्षांचे हप्ते सुरू होतील. दुसरीकडे, गेल्या वर्षी शॉक अब्सॉर्बर आणि चारही टायर बदलले असल्यामुळे आता गाडी देऊन टाकली तर तो खर्च वाया जाईल, ही रुखरुख आहेच. वर्षाला साधारण १२,००० किलोमीटर प्रवास होतो. पुढच्या वर्षी मुलगी गाडी चालवायला शिकेल आणि तिच्याही हातात हीच गाडी जाईल. अशा वेळी निर्णय कोणत्या आधारावर घ्यावा, हे अनुभवी मंडळींकडून समजून घ्यायचे आहे.

हिशेबनीस

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आजच्या किमतीशी ताडून पाहण्याची पद्धत रूढ आहे, पण ती फसवी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. गाडी जुनी होत गेली की तिची बाजारातली किंमत उतरत जाते आणि त्यामुळे तेच क्लचचे काम दरवर्षी अधिक महाग वाटू लागते. प्रत्यक्षात गाडी तुम्हाला देत असलेली सेवा मात्र तेवढीच असते. खरी तुलना करायची ती पुढच्या ३ वर्षांची. ही गाडी ३ वर्षे ठेवली तर एकूण किती खर्च येईल आणि तिच्या जागी दुसरी घेतली तर त्याच ३ वर्षांत किती येईल, हे दोन आकडे शेजारीशेजारी मांडा.

पहिल्या आकड्यात आजचे काम, दरवर्षी आणखी काहीतरी निघणारच हे गृहीत धरून बाजूला ठेवायची रक्कम, विमा, इंधन आणि या ३ वर्षांत गाडीची जी काही किंमत उतरेल ती घट, एवढे धरावे. नव्या गाडीची किंमत पहिल्या वर्षी सर्वांत जास्त घसरते आणि पुढे उतार कमी कमी होत जातो. ११ वर्षांच्या गाडीच्या बाबतीत ही घट फारच थोडी उरलेली असते. दुसऱ्या आकड्यात कर्जाचे व्याज, वाढलेला विमा, नोंदणी आणि कर यांच्याबरोबर मुख्यतः घसारा, म्हणजे गाडीच्या किमतीतली घट, धरावा लागतो. हा घसारा दर महिन्याला खिशातून जाताना दिसत नाही, म्हणूनच बहुतेक जण तो विसरतात. नव्या गाडीच्या पहिल्या ३ वर्षांतला सर्वांत मोठा खर्च साधारणपणे हाच असतो.

इंधनाच्या बचतीबद्दलही आधी लिटरमध्ये हिशेब करावा. तुमची गाडी लिटरला १४ किलोमीटर देते आणि नवी १८ देईल असे समजू. १२,००० किलोमीटरला आज सुमारे ८५७ लिटर लागतात, तेव्हा ६६७ लागतील, म्हणजे वर्षाला १९० लिटर वाचतील. हीच सुधारणा १८ वरून २२ वर झाली, तर मात्र बचत १२१ लिटरच होते. तुमच्या गाडीचे खरे ॲव्हरेज टाकी पूर्ण भरून, पुन्हा पूर्ण भरेपर्यंत चालवून मोजा आणि १९० लिटरची किंमत वर्षभराच्या हप्त्यांशेजारी ठेवून पाहा.

राहिली शॉक अब्सॉर्बर आणि टायर यांची रुखरुख. तो खर्च होऊन गेला आहे. गाडी ठेवली तरी तो परत येणार नाही आणि विकली तरी नव्याने जाणार नाही. त्याचा निर्णयाशी संबंध एवढाच, की पुढच्या ३ वर्षांत ते काम पुन्हा निघण्याची शक्यता कमी आहे, म्हणून पहिला आकडा थोडा खाली येतो. तुम्ही दिलेल्या माहितीवरून तरी मला हा हिशेब दुरुस्तीच्या बाजूने झुकताना दिसतो.

यंत्रांगण

मी बरीच वर्षे गाड्यांच्या दुरुस्तीचे काम करतो. वरचा हिशेब योग्यच आहे, पण तो ज्या गृहीतकावर उभा आहे ते आधी तपासून घ्यायला हवे. गाडीच्या आतले काही भाग झिजण्यासाठीच बनवलेले असतात: क्लच प्लेट, ब्रेक पॅड, बुश, बेल्ट, बॅटरी. ते बदलले की गाडी त्या भागापुरती पुन्हा नवी होते. याउलट इंजिनाचा मूळ ठोकळा, गिअरबॉक्सचे आतले दात आणि गाडीचा पत्र्याचा सांगाडा या गोष्टी बिघडल्या, तर खर्चाला अंत राहत नाही. तुमच्या यादीतली तिन्ही कामे पहिल्या प्रकारातली आहेत. क्लच १,३८,००० किलोमीटरला संपणे हे वाईट लक्षण नाही. उलट गाडी नीट चालवली गेली आहे, असेच मी म्हणेन.

टायमिंग बेल्टकडे मात्र दुर्लक्ष करू नका. पुष्कळ इंजिनांची रचना अशी असते की बेल्ट तुटला की उघडे राहिलेले व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनवर आदळतात आणि वाकतात. हे घडण्यापूर्वी बहुधा काहीही आवाज येत नाही. बेल्टची मुदत कंपनीने किलोमीटर आणि वर्षे अशा दोन्ही मापांत दिलेली असते आणि त्यांतली जी आधी संपेल ती खरी मानायची. तेव्हा गाडी ठेवायची की द्यायची याचा विचार महिनोन्महिने लांबणार असेल, तर तोवर तिने लांबचा प्रवास करू नका.

क्लचसाठी गिअरबॉक्स खाली उतरवावाच लागतो आणि त्या कामातली मोठी मजुरी तिथेच जाते. म्हणून प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि गळत असेल तर क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सील त्याच वेळी बदलून घ्यावे. टायमिंग बेल्टबरोबर वॉटर पंपाचेही तसेच. अनेक इंजिनांत तो त्याच बेल्टवर फिरतो. एवढे करूनही कामाला होकार देण्यापूर्वी गाडी लिफ्टवर चढवून तुमच्यासमोर खालून पूर्ण पाहायला सांगा. चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन आत निर्माण करतो तो दाब, मोजून घ्या. आकडे एकमेकांच्या जवळपास असणे महत्त्वाचे. धूर निळसर असेल तर ऑइल जळते आहे, पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसेल तर कूलंट आत जात असण्याची शंका घ्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गंज. वरचा रंग उडून दारावर गंज दिसला, तर तो डोळ्यांना खुपतो एवढेच. पण सस्पेन्शन जिथे सांगाड्याला जोडलेले असते तिथला किंवा दारांखालच्या लांब पट्ट्याचा, ज्याला आम्ही रनिंग बोर्ड म्हणतो त्याचा पत्रा आतून खाल्ला गेला असेल, तर त्या गाडीत एकही नवा भाग घालू नका.

मागचे आसन

वरच्या दोन्ही उत्तरांत एक गोष्ट राहून गेली आहे आणि ती पैशांत मोजता येत नाही. तुमची मुलगी शिकाऊ चालक म्हणून हीच गाडी चालवणार आहे. गाडी वळणावर घसरू लागली की एकेका चाकाला स्वतंत्रपणे ब्रेक लावून तिला सावरणारी स्थिरता नियंत्रण यंत्रणा १९९५ पासून गाड्यांमध्ये येऊ लागली, पण लहान आणि स्वस्त गाड्यांत ती पोहोचायला बराच काळ गेला. तुमच्या गाडीत ती आहे का, एअरबॅग किती आहेत, मागच्या मधल्या आसनाला तीन ठिकाणी बांधला जाणारा पट्टा आहे का, हे आधी पाहा. गाड्या आदळवून त्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने २०१७ मध्ये आपल्या चाचण्यांना २० वर्षे झाली तेव्हा १९९७ च्या काळातली एक लहान गाडी आणि तेव्हाची नवी लहान गाडी सारख्याच पद्धतीने आदळवून दाखवली होती. जुन्या गाडीत चालकाच्या पायांभोवतीची जागा चेपून गेली, नव्या गाडीत ती शाबूत राहिली. तुमची गाडी एवढी जुनी नाही हे मान्य. पण चाचणीतले तारे त्या त्या वर्षीच्या निकषांवर दिलेले असतात आणि ११ वर्षांपूर्वीचे पाच तारे म्हणजे आजचे पाच तारे नव्हेत.

हिशेबनीस यांच्याशी माझा मतभेद इथेच आहे. हिशेब दुरुस्तीकडे झुकत असला, तरी गाडीत स्थिरता नियंत्रण नसेल तर मी ती नवशिक्या मुलीच्या हाती देणार नाही. त्यासाठी कोरी करकरीत गाडीच हवी असेही नाही. ३-४ वर्षे वापरलेली, ही यंत्रणा असलेली गाडी घेतली, तर घसाऱ्याचा सर्वांत चढा भाग आधीच्या मालकाने सोसलेला असतो.

हिशेबनीस

हा मुद्दा मला मान्य आहे. माझ्या मांडणीत मी दोन्ही गाड्या सारख्याच सुरक्षित धरल्या होत्या आणि मुलगी चालवणार आहे हे वाक्य मी पुरेशा गांभीर्याने वाचले नव्हते.

आडवाट

गाडी द्यायचीच ठरली, तर एक्स्चेंजच्या व्यवहाराबद्दल थोडे लिहितो, कारण माझे स्वतःचे नुकसान त्यातच झाले होते. शोरूमने माझ्या जुन्या गाडीची किंमत अपेक्षेपेक्षा बरीच जास्त सांगितली आणि मी समाधानाने सही केली. नंतर लक्षात आले की एक्स्चेंज न करणाऱ्या ग्राहकाला नव्या गाडीवर जी सवलत मिळत होती, ती माझ्या पावतीत कुठेच नव्हती. जुनीची किंमत, नवीची किंमत आणि कर्जाच्या अटी असे हे तीन वेगवेगळे व्यवहार असतात आणि एकात दिलेले दुसऱ्यात सहज काढून घेता येते. म्हणून जुन्या गाडीचा विषयही न काढता आधी नव्या गाडीची अंतिम किंमत लेखी घ्या. त्यानंतर जुनीची किंमत विचारा आणि शेवटी तुम्हाला वरून किती भरायचे आहे, त्या एकाच आकड्यावर वेगवेगळ्या ठिकाणांची तुलना करा. केवळ मासिक हप्त्यावर बोलणी करू नका. मुदत लांबवली की कोणताही हप्ता लहान दिसतो आणि दरम्यान गाडीची किंमत कर्जाच्या शिलकीपेक्षा खाली जाते.

बाहेर थेट ग्राहकाला विकल्यास सहसा अधिक पैसे मिळतात, मात्र वेळ आणि मनस्ताप जास्त. जुन्या गाडीची किंमत नेहमीच कमी का सांगितली जाते, याचे कारण अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली मांडले होते: गाडीतले दोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात, म्हणून घेणारा प्रत्येक गाडी सदोष असू शकते असे धरूनच बोली लावतो आणि चांगल्या गाडीच्या मालकालाही त्याची झळ बसते. यावर उपाय म्हणजे ही शंका कमी करणे. सर्व्हिसिंगच्या पावत्या तारखेप्रमाणे लावून ठेवा, दुसरी किल्ली शोधून काढा. गाडी देताना म्युझिक सिस्टीममध्ये साठलेले फोन नंबर आणि घराचा पत्ता पुसायला विसरू नका.

सावली

सर्वांचे मनापासून आभार. तुमची उत्तरे वाचून मी शनिवारी पुन्हा गॅरेजमध्ये गेले आणि गाडी लिफ्टवर चढवायला सांगितली. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांत जवळजवळ सारखे निघाले, धूर स्वच्छ आहे आणि गिअरबॉक्स बाहेरून कोरडा आहे, म्हणजे ऑइल गळत नाही. मला खूप बरे वाटले. त्यानंतर मेकॅनिकने डाव्या रनिंग बोर्डच्या मागच्या टोकाला, मागचे सस्पेन्शन जिथे जोडलेले आहे त्याच्या अगदी जवळ, स्क्रू ड्रायव्हरचे टोक टेकवून जरासा दाब दिला. काळ्या अंडरकोटिंगचा पापुद्रा निघाला आणि टोक बोटाच्या पेराएवढे आत गेले. खाली लाल भुकटी पडली. उजव्या बाजूलाही तेच. बाहेरून रंगाला साधा फोडही आलेला नव्हता.

पत्रा कापून नवा जोडता येईल, पण सस्पेन्शनच्या जागेपर्यंत गंज गेला असल्याने पूर्वीइतकी बळकटी येईल याची खात्री देणार नाही, असे त्याने प्रामाणिकपणे सांगितले. शिवाय आमच्या गाडीत स्थिरता नियंत्रण नाही, हेही पुस्तिका पाहून कळले. त्यामुळे क्लचचे काम न करता गाडी द्यायची असे आम्ही ठरवले आहे. गंजाचे फोटो काढले आहेत आणि जो कोणी घेईल त्याला ते आधी दाखवणार आहोत, मग किंमत कितीही कमी येवो. यजमान आता ४ वर्षे वापरलेल्या दोन गाड्या पाहून आले आहेत. पुढच्या आठवड्यात त्या दोन्ही याच मेकॅनिकच्या लिफ्टवर चढवून, खालून पाहून घ्यायच्या आहेत.