रिमोट डेस्कटॉपवर अकाउंट सारखं लॉक होतंय, मदत हवी आहे (तातडीने)

घाईत_आहे: घरच्या पीसीला बाहेरून जोडतोय. पासवर्ड शंभर टक्के बरोबर, तरी 'अकाउंट लॉक'. दहा मिनिटं थांबलं की एकदा आत जाता येतं, मग पुन्हा तेच. हे लॉक कायमचं बंद कसं करायचं तेवढंच सांगा. आज रात्री फाइल द्यायची आहे.

जुनंखोड: विंडोज कोणतं? जोडता कसे, व्हीपीएनच्या खासगी बोगद्यातून की थेट?

घाईत_आहे: अकरा प्रो. थेट. परवापर्यंत चालत होतं हो!

टर्मिनलवाला: म्हणून लिनक्स. एसएसएचने जोडायचं, पासवर्डऐवजी की-पेअर म्हणजे किल्लीच्या फाइली, पासवर्ड लॉगिन बंद. विषय संपला.

जुनंखोड: त्यांनी लिनक्स विचारलंय का? राउटरवर ३३८९ पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं दार, उघडा आहे ना? इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिक्युरिटी लॉग उघडा, ४६२५ च्या नोंदी मोजा. फसलेल्या लॉगिनचा तो नंबर. आणि युजरनेम काय ठेवलंय?

घाईत_आहे: तासाभरात चारशेवर नोंदी!! पोर्ट उघडाच आहे, मित्राने करून दिला होता. युजरनेम ॲडमिन.

जुनंखोड: घ्या. कुणाचा तरी बॉट तुमच्या नावाने पासवर्ड ठोकून बघतोय. दहा चुका झाल्या की विंडोज दहा मिनिटं लॉक करतं, त्यात तुम्हीही अडकता. लॉक काढलंत तर त्याला रात्रभर मोकळं रान. ४६२४ म्हणजे यशस्वी लॉगिन; त्यात लॉगिन टाइप १० (रिमोट डेस्कटॉप) आणि अनोळखी आयपी दिसतोय का, तेही बघा.

रातकिडा: पोर्ट ५०००० वर हलवा. मी पाच वर्षं तसंच चालवतोय.

टर्मिनलवाला: दारावरची पाटी काढली म्हणजे कुलूप लागलं का? स्कॅनर सगळे ६५५३५ पोर्ट चाळतात.

कोपऱ्यातली: पासवर्ड दर महिन्याला बदला, सगळीकडचे. वायफायचासुद्धा.

टर्मिनलवाला: मग लोक शेवटचा आकडा तेवढा वाढवतात. मुदतीची सक्ती नको, हे एनआयएसटी या अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१७ मध्येच सांगितलंय. लांबी वाढवा. ७७७६ शब्दांच्या यादीतून फासे टाकून सहा शब्द घ्या, दोनावर तेवीस शून्यं इतक्या शक्यता होतात.

कोपऱ्यातली: फासे?! बँकेचं ॲप तर सोळा अक्षरांपुढे घेतच नाही.

जुनंखोड: बँक राहू द्या. घाईत, आधी वायरगार्ड हे व्हीपीएन बसवा, त्यातून आत जाता येतंय याची खात्री करा, *मग* ३३८९ बंद करा. याच क्रमाने.

घाईत_आहे: पोर्ट बंद केला. स्क्रीन गोठलीय.

जुनंखोड: वायरगार्ड?

घाईत_आहे: ते नंतर करणार होतो.

रातकिडा: घरी कुणी आहे का?

घाईत_आहे: कुलूप आहे.