सायकलचे चोरीला गेलेले सुटे भाग परत मिळवण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार.

गेल्या मंगळवारी संध्याकाळी कामावरून निघालो, तेव्हा माझ्या सायकलचे पुढचे चाक, सीट पाइपसकट सीट आणि मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) चोरीला गेल्याचे लक्षात आले. फ्रेम आणि मागचे चाक यू-लॉकने कठड्याला जखडलेले होते, म्हणून तेवढे वाचले. चाक आणि सीट दोन्ही क्विक रिलीजवर (हाताने उघडणाऱ्या खटक्यावर) होती, त्यामुळे ती काढायला पानासुद्धा लागला नसेल. डिरेलर मात्र चेन तोडून आणि केबल कापून खोललेला आहे. त्यासाठी ५ मिलिमीटरची ॲलन की लागते, म्हणजे नेणारा तयारीनिशी आला असावा.

सीट आणि डिरेलर नवीन घेता येतील. जीव अडकला आहे तो चाकात. हब, रिम आणि ३२ स्पोक वेगवेगळे आणून ते मी स्वतः बांधले होते आणि तीन संध्याकाळ बसून त्याचा आउट (वाकडेपणा) काढला होता.

पोलिसांत तक्रार दिली आहे. फ्रेमचा नंबर बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलांचा आस बसतो त्या भागाच्या) खाली कोरलेला असतो आणि तो माझ्याकडे लिहून ठेवलेला आहे, पण फ्रेम तर माझ्याजवळच आहे आणि गेलेल्या एकाही भागावर स्वतंत्र नंबर नाही. डिरेलर शिमानोचा, जुना आहे. त्याच्या मागच्या बाजूला दोन इंग्रजी अक्षरे आहेत, ज्यांतले पहिले उत्पादनाचे वर्ष आणि दुसरे महिना दाखवते. परंतु त्या महिन्यात बनलेल्या सगळ्याच डिरेलरांवर तीच अक्षरे असणार, म्हणून एवढ्यावरून तो माझाच आहे असे सिद्ध होत नाही.

काल जुन्या वस्तूंच्या विक्रीच्या एका जाहिरातीत अगदी तसेच चाक दिसले. व्हॉल्व्हच्या शेजारचे दोन निपल (स्पोक रिमला जोडणारे छोटे नट) चंदेरी आणि बाकीचे सगळे काळे आहेत. काळे दोन कमी पडले म्हणून मीच ते तसे लावले होते. याखेरीज रिम टेपखाली माझी एक खूण आहे, जी मी इथे मुद्दाम सांगत नाही, कारण टायर आणि टेप काढल्याशिवाय ती दिसत नाही आणि तोच माझा सर्वांत भक्कम पुरावा आहे. जाहिरातीचे स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवले आहेत. विक्रेत्याशी अजून संपर्क केलेला नाही, आणि तो स्वतःच चोर आहे असेही मी धरून चाललेलो नाही. त्यानेही ते कुणाकडून अजाणता विकत घेतले असू शकेल.

ज्यांना असा अनुभव आहे, त्यांना माझे विचारणे असे आहे की, ग्राहक म्हणून चाक पाहायला जावे, की आधी तपास अधिकाऱ्यांना जाहिरात दाखवून त्यांच्यासोबतच जावे? मला दुसरा मार्ग योग्य वाटतो, कारण एकट्याने जाण्यात धोका आहे आणि विक्रेता सावध झाला तर चाक कायमचे नाहीसे होईल. पण त्यात किती दिवस जातील याची धास्ती वाटते. दुसरे असे की, हब आणि रिमची बिले व चाक बांधताना काढलेले फोटो मालकी दाखवायला पुरतात का? आणि सायकल दुरुस्ती करणाऱ्यांना डिरेलरचा फोटो देऊन ठेवल्याचा कुणाला उपयोग झाला आहे का?

जाहिरात आज सकाळपर्यंत तशीच होती, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर शक्य तितक्या लवकर मिळाले तर फार आभारी राहीन.