रात्री उसाची ट्रॉली मागून दिसतच नाही, काय काळजी घेता?

शिफ्टवाला:
सांगलीत कामाला आहे, सेकंड शिफ्ट सुटली की रात्री बाईकवरनं आष्ट्याकडं येतो. कारखाने चालू झालेत, रस्ताभर ट्रॉल्या. परवा समोरच्याचा अप्पर डोळ्यावर आला, दोन सेकंद काहीच दिसेना आणि दिसलं तेव्हा पुढं पंक्चर झालेली ट्रॉली उभी, ना लाईट ना रेडियम. वाढं, म्हणजे उसाच्या शेंड्याचा पाला, हेल्मेटला घासलं एवढ्या जवळनं निघालो. घरी अजून सांगितलं नाही. तुम्ही काय करता अशा वेळी?

कृष्णाकाठ:
अप्पर आला की आधी ॲक्सिलेटर सोड आणि त्या लाईटकडं न बघता डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेव. ६० च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते, म्हणजे त्या दोन सेकंदात तू ३०-३५ मीटर आंधळाच चाललेलास भावा. डिपरला जेवढं दिसतं तेवढ्यात गाडी थांबायला पाहिजे, त्या रस्त्याला रात्री ४० च्या वर जाऊच नको. आणि हेल्मेटची काच बघ, ओरखडे असले की समोरचा लाईट सगळा काचेवर पसरतो.

डबल ट्रॉली:
मी ट्रॅक्टर चालवतो, चूक आमची आहे, मान्य. रेडियम बऱ्याच ट्रॉल्यांना असतं पण ऊस भरला की मागं वाढं लोंबतं आणि लाल पट्टी झाकून जाते, वरनं चिखल. मी आता फडातनं निघतानाच मागचं वाढं कोयत्यानं छाटतो, पट्टी फडक्यानं पुसतो, आणि मागच्या ट्रॉलीच्या उसाला वर रिफ्लेक्टरचं कापड बांधतो, पाच मिनिटं पण लागत नाहीत. दुसरं म्हणजे पंक्चर काढताना चाकाला लावलेले दगड काहीजण तसेच रस्त्यात टाकून जातात, हे लई वाईट, बाईकवाला त्याच्यावरच जातो. ड्रायव्हर लोकांनो, दगड उचलल्याशिवाय हलू नका.

माळावरची:
चालणाऱ्यांचं पण बोला की. आमच्या सासूबाई पहाटे पाचला डेअरीला दूध घालायला जातात, अंगावर काळी शाल. फुटपाथ नसला की रस्त्याच्या उजव्या कडेनं चालायचं म्हणजे समोरनं येणारी गाडी दिसते, पण त्यांना आयुष्यभर डावीकडनंच सवय. रोज सांगून सांगून आता ऐकतात. किटलीला मी रेडियम चिकटवलंय, लांबनं चमकतं.

शिफ्टवाला:
काच आत्ता बघितली, ओरखडेच ओरखडे, उद्या बदलतो. आणि दादा म्हणतायत ते खरंय, दुसऱ्या दिवशी जाताना बघितलं तर ट्रॉली गेलेली पण दगड तिथंच, मी आणि टपरीवाल्या काकांनी ओढून कडेला टाकले.